शमीमआपा, तुमचं कटिंग चुकलं नव्हतं

शमीमआपा, तुम्हाला जाऊन आज तेरा दिवस झाले. आमच्यात तेराव्याला गोडाचं करतात आणि माणूस गेलं हे मान्य करून जो तो आपल्या कामाला लागतो. तुमच्या घरी तिसऱ्या दिवशी जियारत झाली, आता चाळिसाव्याचं बोलणं चाललंय. मी या दोन्हींच्या मधे कुठंतरी लटकून आहे. शाळेत जाते, हजेरी घेते, पोरांवर ओरडते, घरी येते. येताना तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आले की पाय आपोआप भराभर पडायला लागतात. तीन महिने मी त्यांना हीच सवय लावली होती. जिला चुकवायचं ती आता शिलाईमशीनवर बसलेली नाही, हे पायांना अजून कळलेलं नाही.

मुरूमला बदली होऊन आले तेव्हा मी तिशीची होते. शाळेतल्या एका बाईंनी तुमचं घर दाखवलं. पुढच्या खोलीत मशीन, खिळ्याला अडकवलेल्या कैच्या, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून माझ्याकडं बघणाऱ्या तुम्ही. 'हात वर करा बाई,' म्हणालात, एकदा टेप फिरवलीत, वहीत काही लिहिलं नाहीत. मला वाटलं, झालं, कापड गेलं. आठ दिवसांनी ब्लाउज घातला तर अंगावर असा बसला की मी आरशासमोर दोनदा वळून बघितलं. त्यानंतर एकोणीस वर्षं माझा एकही ब्लाउज दुसऱ्या कुणाच्या हाताखालून गेला नाही. दर दोन वर्षांनी माप वाढायचं आणि तुम्ही तोंड वाकडं करून म्हणायचात, "शाळंतली खिचडी पोरं खात्यात का तुमीच, बाई?" मी रागवायचे आणि चहाला बसायचे. तुमच्यापेक्षा मी सहा वर्षांनी लहान, तरी तुम्ही मला बाईच म्हणत राहिलात, आणि आपण दोघी एकमेकींना तुम्ही-तुम्हीच करत राहिलो.

आपल्या भांडणाबद्दल मला बोलायचंय. पण त्याआधी कोटाबद्दल बोलावं लागेल, कारण भांडण खरं तिथूनच सुरू झालं.

गफूरभाई, म्हणजे तुमचे यजमान, कोट शिवायचे. आसपासच्या गावातला नवरदेव त्यांच्या हातचा कोट घातल्याशिवाय घोड्यावर बसायचा नाही. तुम्ही बायकांचे कपडे शिवायच्या, पण कोटाच्या कापडाला त्यांनी तुम्हाला कधी हात लावू दिला नाही. ते गेले, त्यांची मोठी इस्त्री माळ्यावर गेली. मग दोन वर्षांपूर्वी तुमच्या छातीत कळ आली, सोलापूरला नेऊन स्प्रिंग टाकली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थोडंच काम करतंय, जपून राहा. घरी येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोवर तुम्ही ती इस्त्री माळ्यावरून खाली काढायला लावलीत आणि कोटाचं कापड मागवलंत. मोबाइलवर कुणी परदेशी माणूस कोटाची बाही कशी लावतो ते बघत बसायच्या. भाषा कळायची नाही, हात कळायचा.

मी विचारलं, "कुणासाठी हो, आपा?"

"माज्यासाठी."

"तुम्ही घालणार कोट?"

"न्हाय वो. शिवणार."

मी हसले. मला वाटतं, तुम्हाला ते हसणं लागलं. पहिला कोट बिघडला, दुसऱ्याची डावी बाही पुढं आली, तिसऱ्याची कॉलर उभीच राहीना. प्रत्येक वेळी तुम्ही शिवण उसवून पुन्हा बसायच्या. मी एकदा चिडून म्हणाले, "या वयात काय करायचंय शिकून? आपलं आता राहिलंय काय?" हे माझं पालुपदच होतं. रिटायर व्हायला नऊ वर्षं राहिली, मुलगा पुण्याला लागला, आता दिवस ढकलायचे. तुम्ही इस्त्री बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "डाक्टरनं सांगितलं, दिल कमजोर हाय. कवा बंद पडंल ते सांगितलं न्हाय. मग तवर काय करू मी? दाराकडं बघत बसू?"

मी विषय बदलला. पण तुम्ही सोडणाऱ्यातल्या नव्हता. उलट माझ्यावरच आलात. म्हणालात, वर्गातली अर्धी पोरं घरी कन्नड बोलतात, एकोणीस वर्षं झाली, तुम्हाला 'बर्री, कुंद्री' याच्यापुढं एक शब्द येत नाही. म्हणजे 'या, बसा'. तेवढंही तुमच्याच दुकानात गिऱ्हाइकांशी बोलताना ऐकून शिकले होते. "पोरगं रडत असलं तर त्याला त्याच्या आईच्या बोलीत गप कराय येतंय का तुमाला? शिका की, बाई. मी शिकवते. चहाच्या बदल्यात." मी म्हणाले, आता डोक्यात शिरत नाही. खरं म्हणजे मला शिरवायचंच नव्हतं. चाळिशी ओलांडल्यावर माणसाला एक सोयीचं कारण मिळतं, वय, आणि मी ते अंगरख्यासारखं घालून फिरत होते.

मग वैशाखात भाचीचं लग्न आलं. अंजिरी रंगाची साडी घेतली, तिच्यातलं ब्लाउजपीस तुमच्याकडं टाकलं. ब्लाउज आणायला आले, तुम्ही घालून दाखवायला लावलंत, आणि डाव्या काखेखालचं कापड चिमटीत धरून बराच वेळ बघत राहिलात. "हिकडं वढतंय. माजंच चुकलं कटिंग." शिवणीच्या आत जादा कापड तुम्ही नेहमीच ठेवायच्या. त्यातलं दोन सूत, जेमतेम पाव इंच, मोकळं केलंत. आठवड्यानं परत तेच. परत दोन सूत. तुमच्या हातून असं कधी झालेलं नव्हतं. तुम्ही स्वतःवरच चरफडत होता, नजर गेली म्हणत होता.

तिसऱ्या वेळी तुम्ही कैची उचललीच नाहीत. सुनेला, नाझनीनला, दूध आणायला पाठवलंत, दाराला कडी घातलीत आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलात. "उजवी बाजू सूतभरबी हाललेली न्हाय. कटिंग बरोबर हाय. कापड न्हाय वढत." मग माझा हात धरून म्हणालात, "मंगल, तू दवाखान्यात जा. उद्याच जा."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला नावानं हाक मारलीत, तू म्हणालात. त्यावरूनच मला कळायला हवं होतं की तुम्ही किती घाबरल्या आहात. मला कळलंही, आपा. म्हणूनच मी इतकी अंगावर आले. मी काय बोलले ते तुम्हाला आठवत असेलच, मला तर शब्दन् शब्द आठवतो. "तुमची नजर गेलीय. सगळा जीव त्या फुकटच्या कोटात घातलाय, मग माझा ब्लाउज कशाला नीट होईल? द्या माझं कापड, मी दुसरीकडं टाकते." तुम्ही घडी घालून दिलंत. पिशवीसुद्धा दिलीत.

जे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही ते आता सांगते. माझी आई एकावन्नाव्या वर्षी गेली, आणि छातीतल्या गाठीनंच गेली. तपासायला नेलं तेव्हा ती स्वतः चालत जाऊन गाडीत बसली होती, येताना बसस्टँडवर उसाचा रस प्यायली होती. रिपोर्ट आला आणि चार महिन्यांत ती संपली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक वेडगळ हिशेब घट्ट बसलाय. तपासलं की निघतं. नाही तपासलं तर काही नसतं. चौथीच्या पोरानं असा तर्क मांडला असता तर मी त्याचे कान उपटले असते. मी एकोणपन्नास वर्षांची आहे, आणि गेली चार-पाच वर्षं दर वाढदिवसाला आईच्या वयाला किती राहिले ते मोजते. हे घरात यांनाही माहीत नव्हतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही समजून घेतलं असतं, आणि मग मला जावंच लागलं असतं.

स्टँडजवळच्या टेलरनं तोच ब्लाउज सगळीकडून उसवून ढगळ करून दिला. त्या ढगळ ब्लाउजमध्ये कुठंच काही ओढत नव्हतं. लग्नात तोच घालून मिरवले. आरशात बघून मनाशी म्हणाले, बघा, काही झालेलं नाही. बाईची जात आणि शिकलेली, पण एका सैल शिवणीवर विश्वास ठेवून तीन महिने जगले.

तुम्ही गप्प बसला नाहीत. नाझनीनला दोनदा पाठवलंत, मी अभ्यासाच्या वह्या तपासायच्यात म्हणून दारातूनच परत पाठवलं. फोन केलात, मी उचलला नाही. आणि मग एक दिवस मधल्या सुट्टीत तुम्ही शाळेत आलात. जिना चढायलाही मनाई असलेली बाई उन्हात चालत शाळेपर्यंत आली. मी खिडकीतून बघितलं. तुम्ही फाटकाशी थांबून दम खात होता, पदरानं तोंड पुसत होता. आणि मी खिचडी करणाऱ्या मावशींना सांगितलं, बाई मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगा. मीटिंग कसली? मी कपाटाच्या आड उभी राहून पोरांचे पेपर चाळत होते. मावशी परत आल्या आणि म्हणाल्या, "त्या म्हनल्या, बाईंना सांगा, म्या ब्लाउजचं बोलाय आले न्हाय." एवढं सांगून तुम्ही परत निघालात. पाठमोऱ्या तुम्हाला मी शेवटचं बघितलं. या गोष्टीची माफी कशी मागायची ते मला अजून सुचलेलं नाही.

त्या बुधवारी शाळेत नाझनीनचा फोन आला. दुपारी जेवून तुम्ही मशीनवर बसलात, चहा मागितलात, चहा येईपर्यंत गेलेल्या होता. मी चपला हातात घेऊन धावत आले म्हणे, मला आठवत नाही. आतल्या खोलीत तुम्हाला आंघोळ घालणं चाललं होतं, मी बाहेर बायकांत बसले. तुमच्या नणंदेनं हजहून आणलेलं पांढरं कापड तुम्ही पेटीत जपून ठेवलं होतं, ते नाझनीननं काढलं. मोहल्ल्यातल्या कितीतरी बायकांचं कफन तुम्ही कापलंत. एकदा मला म्हणाला होतात, "ह्याला शिलाई नसती, बाई. आणि फिटिंगची तक्रार घिऊन गिऱ्हाईक परत येत न्हाय." मी शहारले होते, तुम्ही हसत होता. आता ते कापड मोजून सारखं फाडण्याचे आवाज येत होते. मधेच नाझनीन थांबली आणि सवयीनं आतल्या खोलीकडं बघून म्हणाली, "अम्मी, इथून का?" सगळ्या बायका रडायला लागल्या. मग जनाजा उचलला. तुमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत, आमच्यातही स्मशानात जात नाहीत. मी तुमच्या उंबऱ्यावर उभी राहिले आणि तुम्ही वळणावरून दिसेनाशा झालात.

लोकांना वाटेल, मैत्रीण गेली, बाईचे डोळे उघडले, धीर आला. धीरबिर काही आला नाही. उलट त्या दिवसापासून झोपेचं खोबरं झालंय. मला दोन गोष्टींची भीती होती, आपा. एक कळण्याची आणि एक न कळण्याची. तीन महिने दुसरी भीती माझ्या वतीनं तुम्ही वागवत होता. कुणाला तरी माहीत आहे, कुणीतरी माझ्यामागं लागलंय, या आधारावर मी बेफिकीर राहू शकत होते. तुम्ही गेलात आणि या जगात ती गोष्ट माहीत असलेली मी एकटी उरले. जियारतीच्या दिवशी तुमच्या घरून परतताना हे लक्षात आलं.

तरी आठ दिवस घालवलेच. मग रविवारी सकाळी यांना सांगितलं. यांनी चहाचा कप खाली ठेवला. "किती दिवस?" मी म्हणाले, तीन महिने. "आणि कुणाला माहीत होतं?" मी म्हणाले, आपांना.  हे म्हणाले, "म्हणून त्या बाजारात मला दोनदा थांबवून विचारत होत्या, बाईंची तब्येत बरी हाय ना, म्हणून. मी आपला म्हणालो, ठणठणीत आहे." तुम्ही त्यांना सांगू शकला असता, आपा. एका वाक्यात माझा निकाल लागला असता. पण बाईचं गुपित तिच्या नवऱ्यालासुद्धा तिला विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा तुमच्या धंद्याचा नियम. गावातल्या बायकांच्या अंगावरचे वळ, वाढलेली पोटं, सगळं तुमच्या टेपखालून गेलं आणि त्यातलं काही कधी चहाबरोबर बाहेर आलं नाही. त्या नियमाचा मला राग येतो आणि मी त्याला हातही जोडते.

सोमवारी सोलापूरला गेलो. नंबर लावून बाकावर बसले. बाहेर पळून जायचे सतरा बहाणे तयार. तेवढ्यात सीमेपलीकडची एक म्हातारी आली, हातात फाइल, बरोबरचा माणूस पैसे भरायला गेलेला. ती भांबावून सगळ्यांकडं बघत होती आणि काहीतरी विचारत होती, कन्नडमधून. कुणाला कळेना. मी सरकून म्हणाले, "बर्री, कुंद्री." ती एकदम माझ्याकडं वळली, माझ्या शेजारी बसली आणि घडाघडा बोलायला लागली. तिला वाटलं, मला सगळं येतं. मला एक अक्षर कळत नव्हतं. ती रडायला लागली, आणि घाबरू नका हे तिच्या भाषेत कसं म्हणतात ते मला येत नव्हतं. तिचा हात धरून बसले, दुसरं काय करणार. पण आपा, तिथं बसल्या बसल्या मला चक्क राग आला. मरणाचा नाही, स्वतःचा. एकोणीस वर्षं शिकवायला तयार असलेली बाई दारात होती. आणि त्या रागातच एक गोष्ट मनात आली, की मला हे शिकायचंय. नऊ वर्षं ढकलायची नाहीत, नऊ तर नऊ, एक तर एक. कित्येक वर्षांनी मला काहीतरी हवंसं वाटलं, आणि वाटलं ते कुठं, तर तपासणीच्या बाकावर. हवंसं वाटायला लागलं की भीती दुप्पट होते, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं. त्या कोटाला रोज हात लावताना तुम्हालाही असंच व्हायचं का?

डॉक्टर बाईच होत्या, माझ्याहून लहान. तपासलं, सोनोग्राफी केली, सुई घालून नमुना घेतला. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "गाठ कुणाच्या लक्षात आली? तुमच्या?"

"नाही. माझ्या टेलरबाईंच्या."

त्यांनी मान वर केली. मी काखेखालची शिवण, दोन सूत, उजवी बाजू, सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "आकार अजून फार नाही. काय आहे ते रिपोर्ट आल्याशिवाय सांगता येणार नाही, मी खोटा धीर देणार नाही. पण तेव्हाच आला असता तर जास्त बरं झालं असतं. त्या टेलरबाईंना माझा नमस्कार सांगा."

मी हो म्हणाले. परत येताना गाडीत यांनी विचारलं, "त्या गेल्या हे का नाही सांगितलंस?"  मी मुरूम येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले.

रिपोर्ट गुरुवारी आहे. आज मंगळवार. नाझनीननं काल संध्याकाळी येऊन सांगितलं की ती दुकान सुरू ठेवणार आहे, आणि जाताना विचारलं, "बाई, येता ना?" मी हो म्हणाले. तिच्या माहेरी कन्नड बोलतात, तिला विचारून 'अंजब्याड्री' एवढं लिहून घेतलं. घाबरू नका. कालपासून ते मनात म्हणून बघतेय, पण स्वतःला म्हटलं की त्याचा काही उपयोग होत नाही. भाजीत मीठ दोनदा पडतंय, वर्गात पाढे चुकतायत माझेच. तुम्ही असता तर ओरडला असता आणि मला जरा बरं वाटलं असतं.

डॉक्टरबाईंनी नमस्कार सांगितलाय. तो पोहोचवायला आणि हे कबूल करायला लिहितेय, की तुमची नजर शाबूत होती, कटिंगही बरोबर होतं, आणि मी तुमचं ऐकलं, आपा. उशिरा ऐकलं. किती उशिरा, ते गुरुवारी कळेल.